स्वाक्षरीची साक्ष : युद्धकालीन बाँबफेकी विमानांच्या स्वाक्षरित चित्रप्रतींचा एक विचार

१

बोरीवलीच्या पूर्वेस, आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरण्यात, कान्हेरीची लेणी आहेत. या लेण्यांतील कोरीव लेख शंभराच्या वर असून त्यांतील बहुसंख्य दानलेख होत. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांच्या व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी आणि भिक्षुणींनी कोणी लेणे, कोणी पाण्याची पोढी, तर कोणी भिक्षुसंघासाठी कायमची ठेव दिल्याची नोंद त्यांत आढळते. परंतु ९० क्रमांकाच्या लेण्यात याहून अगदी निराळ्या प्रकारचे काही लेख आहेत. ते पहलवी लिपीत आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे, आपल्या पित्यांची नावे आणि आगमनाचा दिवस तेथे कोरून ठेवला. या मंडळींनी लेण्यास काही दान दिले नाही, की काही बांधले नाही. आपण येथे होतो, एवढेच त्यांनी नोंदविले. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील पारशी वसाहतीच्या इतिहासाला या मोजक्या ओळींचे मोल फार मोठे आहे.

नाव कोरण्याच्या या दोन रीती अभ्यासकाने एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. दात्याचे नाव वस्तूच्या निर्मितीशी बांधलेले असते. आगंतुकाचे नाव केवळ त्याच्या उपस्थितीची साक्ष देते. प्रस्तुत निबंधाचा विषय वरवर पाहता या लेण्यांपासून फार दूरचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमानांची चित्रे मर्यादित संख्येने छापावयाची, त्या विमानांतून प्रत्यक्ष उड्डाण केलेल्या वैमानिकांच्या स्वाक्षऱ्या त्यांच्या समासात घ्यावयाच्या, आणि अशा प्रतींचा संग्रह करावयाचा, असा एक छंद गेल्या अर्धशतकात पश्चिमेकडे रूढ झाला. या स्वाक्षऱ्यांना साधन म्हणून काही किंमत आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या स्वरूपाची, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ परक्यांच्या छंदाचा नाही. त्या विमानांपैकी काहींचा इतिहास पुण्याच्या धावपट्टीशी, मराठवाड्याच्या महसुलाशी आणि मुंबईच्या वर्गणीशी जोडलेला आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. मुद्रित चित्रावर चित्रकाराने आपली सही करावी ही प्रथा फार जुनी नाही. १८४७ साली लंडनमध्ये चित्रप्रतींच्या विक्रेत्यांची एक संघटना स्थापन झाली, आणि आरंभीच्या निवडक प्रतींवर शिक्का मारून त्यांची संख्या ग्राहकांस जाहीर करण्याची शिस्त तिने घातली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात व्हिस्लर आणि सीमोर हेडन यांच्यासारख्या अम्लरेखनकारांनी चित्राखालच्या कोऱ्या समासात शिसपेन्सिलीने सही करण्याची चाल पाडली. त्या काळी तांब्याचा पत्रा कलावंत स्वतः कोरीत असे, आणि प्रत्येक छाप घेताना पत्रा थोडाथोडा झिजत असे. त्यामुळे पहिल्या काही छापांना अधिक किंमत मिळणे स्वाभाविक होते. पुढे छायाचित्रण आणि ऑफसेट मुद्रण यांचा प्रसार झाला. आता पहिल्या आणि हजाराव्या प्रतीत डोळ्यांस दिसेल असा भेद उरला नाही. मुद्रणाच्या दृष्टीने पाहता प्रतींची संख्या मर्यादित ठेवण्याचे काही कारण राहिले नाही. ती मर्यादा आता प्रकाशकाच्या शब्दावर अवलंबून राहिली. समासातील ‘१२५/५००’ असा आकडा म्हणजे त्या शब्दाची खूण होय. संपूर्ण कागदावर माणसाच्या हाताने लिहिलेले असे आता फक्त तो आकडा आणि ती सही एवढेच असते.

मुंबईकरांस याच्या उलट टोकाचे उदाहरण परिचित आहे. १८९४ साली गिरगावात सुरू झालेला, पुढे घाटकोपरला आणि तेथून लोणावळ्याजवळील मळवलीस गेलेला राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविण्यासाठी चालविला गेला. त्या चित्रांवर चित्रकाराचे नाव असे, परंतु ते दगडावरच उतरविलेले असल्यामुळे प्रत्येक प्रतीवर सारखेच उमटे. प्रतींना क्रमांक नसत, आणि कोणी ते मागितलेही नाहीत. लक्ष्मीची तसबीर देव्हाऱ्यात लावणाऱ्या गृहिणीला आपली प्रत कितवी, हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. चित्रप्रतीचे मूल्य तिच्या विपुलतेत असावे की दुर्मिळतेत, याची दोन निरनिराळी उत्तरे या दोन परंपरांनी दिली आहेत.

विमानचित्रांची परंपरा युद्धकाळातच रुजली. ब्रिटिश हवाई मंत्रालयाने ज्या चित्रकारांकडे काम सोपविले त्यांत फ्रँक वूटन हे प्रमुख होते. १९४४ साली नॉर्मंडीच्या आघाडीवर चित्रे काढल्यानंतर त्यांना आग्नेय आशियाच्या आघाडीकडे पाठविण्यात आले, आणि भारत व ब्रह्मदेश येथील हवाई युद्धाची चित्रे त्यांनी काढली. १९७१ साली ब्रिटनमध्ये विमानचित्रकारांची जी संस्था स्थापन झाली तिचे ते पहिले अध्यक्ष होत. त्यानंतरच्या दशकात रॉबर्ट टेलर यांच्यासारख्या चित्रकारांच्या प्रती निघू लागल्या आणि चित्रकाराच्या सहीशेजारी वैमानिकांच्या सह्या घेण्याची पद्धत रूढ झाली. ही कल्पना या काळात फलद्रूप व्हावी यास कारण आहे. युद्धात विशी-पंचविशीत असलेले वैमानिक आता साठीकडे झुकलेले होते. त्यांच्या पथकांचे मेळावे नियमाने भरत होते. त्यांच्या पराक्रमाच्या कथा ऐकून वाढलेली पुढची पिढी मिळवती झाली होती. विक्रीचा काही भाग अनेकदा माजी सैनिकांच्या मदतनिधीस दिला जात असे. हळूहळू या प्रतींचे प्रकारही वाढले. मूळ आवृत्तीखेरीज कलावंतासाठी राखलेल्या अल्पसंख्य प्रती, अधिक सह्या असलेल्या विशेष प्रती, आणि समासात चित्रकाराने स्वहस्ते छोटे पेन्सिलचित्र काढून दिलेल्या प्रती निघू लागल्या. किंमत मुख्यत्वे दोन गोष्टींवरून ठरू लागली : सह्या किती आहेत, आणि सही करणाऱ्यांपैकी किती जण आता हयात नाहीत.

३

यातील दुसरी गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तिचा अर्थ ध्यानी येण्यासाठी, या छंदात ज्या प्रसंगाची चित्रे सर्वाधिक निघाली त्या प्रसंगाचाच हिशेब पाहू. १६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची १९ लँकास्टर विमाने जर्मनीतील रूर खोऱ्याची धरणे फोडण्यासाठी निघाली. त्यांत १३३ जण होते. ८ विमाने परत आली नाहीत. ५३ जण मृत्यू पावले आणि ३ शत्रूच्या हाती सापडले. परत आलेल्यांपैकीही अनेकांना पुढील दोन वर्षांत मृत्यूने गाठले. पथकाचे नायक गाय गिब्सन हे १९ सप्टेंबर १९४४ रोजी दुसऱ्या एका मोहिमेत मारले गेले. युद्ध संपले तेव्हा त्या रात्रीच्या १३३ जणांपैकी पन्नासाहूनही कमी लोक जिवंत होते.

आता या प्रसंगाची १९७० नंतर छापलेली एखादी प्रत समोर ठेवावी. तिच्या समासात तीन, पाच, क्वचित त्याहून अधिक सह्या असतील. गिब्सन यांची सही त्या कागदावर असणे शक्यच नाही. ती हवी असल्यास एखाद्या पत्रातून वा नोंदवहीतून कापून चौकटीत शेजारी लावावी लागते, आणि काही संग्राहक तसे करतातही. याचा अर्थ असा की, ज्यांनी सर्वाधिक किंमत मोजली ते सर्वच्या सर्व या समासाबाहेर राहतात. ही काही प्रकाशकाची चूक नव्हे. या साधनाच्या रचनेतच ती मर्यादा आहे. स्वाक्षरित प्रत ही नियमाने वाचलेल्यांचीच नोंद असते.

एका प्रसंगापुरती ही गोष्ट मर्यादित नाही. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० वैमानिक व विमानकर्मचारी होते. त्यांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले. म्हणजे शंभरांत चव्वेचाळीस. एखाद्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत निम्म्याच्या जवळपास कुटुंबांची पाने गळालेली असतील, तर तिच्यावरून गावाचा इतिहास लिहिताना आपण जी सावधगिरी बाळगू, तीच येथे बाळगली पाहिजे. सह्यांवरून विमानातील माणसांची जी प्रतिमा मनात उभी राहते ती शांत, वृद्ध, स्मितमुख पुरुषांची असते. वास्तविक त्या विमानांतील मृतांचे सरासरी वय विशीच्या आगेमागे होते.

चित्राच्या आशयाविषयीही असाच प्रश्न उपस्थित होतो. या चित्रांत विमान बहुधा ढगांच्या वर, पहाटेच्या वा मावळतीच्या प्रकाशात दाखविलेले असते. एखादे इंजिन बंद पडलेले, पंख्यावर गोळ्यांची छिद्रे, परंतु विमान तळाकडे परतत असलेले, ही रचना विशेष प्रिय. जमीन दिसते ती आपल्या तळाची : कौलारू घरे, शेते, वाट पाहणारे फिटर. ज्या जमिनीवर बाँब टाकले ती क्वचितच दिसते. जुलै १९४३ मधील हँबर्गवरील हल्ल्यांत सुमारे ४०,००० माणसे मेली. मोहने धरणाच्या पुराने सुमारे १,३०० जण बुडाले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक परदेशांतून सक्तीने आणलेले मजूर व युद्धकैदी होते. सोव्हिएत प्रदेशांतून आणलेल्या स्त्रियांचा त्यांत मोठा भरणा होता. ज्या पक्षाची सुटका व्हावी म्हणून हे युद्ध चालले होते त्याच पक्षाच्या या स्त्रिया होत्या. चित्रप्रतीच्या समासात त्यांच्यासाठी जागा नाही. आणि ही जागा रिकामी आहे हेदेखील चित्र पाहताना कळत नाही. हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाच्या चित्रांवर त्याचे नायक पॉल टिबेट्स आणि मार्गदर्शक थिओडोर व्हॅन कर्क यांनी वर्षानुवर्षे सह्या केल्या. टिबेट्स २००७ साली, तर व्हॅन कर्क २०१४ साली निवर्तले. त्या सह्यांमुळे चित्रातील विमान खरे ठरते; परंतु चित्रात नसलेले शहर त्या सह्या दाखवू शकत नाहीत.

यावरून निघणारा निष्कर्ष असा : वैमानिकाची सही चित्रातील घटनेचा पुरावा नसते. चित्रकार त्या रात्री तेथे नव्हता. सही करणाऱ्याने चित्र पाहिले ते चाळीस-पन्नास वर्षांनंतर. सही फक्त एवढेच सांगते की, घटनेत भाग घेतलेला एक मनुष्य इतकी वर्षे जगला आणि त्याने हा कागद हाताळला. कान्हेरीतील पहलवी लेखांप्रमाणे ती उपस्थितीची साक्ष आहे. आणि तिथल्याप्रमाणेच, तेवढी साक्षदेखील पुष्कळ असते, फक्त तिच्यावर तिच्या कुवतीबाहेरचा भार घालता कामा नये.

४

हा विचार आपल्या प्रदेशाला कोठे येऊन भिडतो, हे पाहण्यासाठी लंडनच्या हेंडन भागातील हवाई दल संग्रहालयातील तीन विमानांकडे वळावे लागते.

पहिले विमान दुसऱ्या महायुद्धातील नसून पहिल्या महायुद्धातील आहे. परंतु नावाच्या प्रश्नाचा आरंभ तेथेच होतो. १९१८ साली ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला डी. एच. ९ ए जातीची बाँबफेकी विमाने हैदराबादच्या निजामाने देणगीदाखल दिली. प्रत्येक विमानावर त्या देणगीचा उल्लेख रंगविलेला होता, आणि त्या स्क्वॉड्रनच्या नावाला पुढे ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा जोडला गेला. यांतील एफ १०१० या क्रमांकाचे विमान ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती पडले. ते बर्लिनच्या संग्रहालयात गेले, तेथून पुढील युद्धाच्या धामधुमीत पोलंडमध्ये पोहोचले, आणि १९७७ साली इंग्लंडला परत आले. आजही त्यावर निजामाचे नाव वाचता येते. तत्कालीन हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठीभाषक जिल्हे होते. संस्थानाची तिजोरी असो वा निजामाची खाजगी जहागीर असो, तिचा मुख्य आधार शेतसारा होता. म्हणजे या विमानावर दात्याचे नाव आहे, आणि ज्यांच्या कष्टातून दान झाले त्यांचे नाही. कान्हेरीच्या दानलेखांत सामान्य व्यापाऱ्याचे आणि भिक्षुणीचे नाव आहे, हे येथे आठवावे.

दुसऱ्या महायुद्धातही अशा देणग्या झाल्या. मुंबईच्या वर्गणीची पोच म्हणून १२२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘बाँबे’ आणि १३२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘सिटी ऑफ बाँबे’ ही नावे मिळाली; १२४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला ‘बरोडा’ हे नाव मिळाले. ही पथके बाँबफेकी नसून लढाऊ विमानांची होती. त्यांच्या स्पिटफायर विमानांची चित्रे पाहणाऱ्या मुंबईकरास त्या विमानांत आपल्या शहराचाही वाटा होता याची कल्पना सहसा नसते.

दुसरे विमान म्हणजे आर ५८६८ क्रमांकाचे लँकास्टर. १३७ मोहिमांवर जाऊन ते सुखरूप राहिले. शत्रूचे एकही विमान आमच्या भूमीवरून उडणार नाही, ही गोरिंग यांची वल्गना त्याच्या नाकाडावर उपहासाने रंगविलेली आहे, आणि तिच्याजवळ प्रत्येक मोहिमेसाठी एक याप्रमाणे बाँबच्या आकृत्यांच्या ओळी आहेत. चित्रकारांचे हे आवडते विमान. या विमानातून उड्डाण केलेल्यांत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे एक होते. बॉम्बर कमांडमध्ये नॅव्हिगेटर म्हणून त्यांनी काम केले, आणि त्यांना डी. एफ. सी. हे शौर्यपदक मिळाले. नॅव्हिगेटर म्हणजे अंधारात, पडद्याआड, लहानशा दिव्याखाली नकाशा, घड्याळ आणि पट्टी घेऊन विमानाचे स्थान काढणारा मनुष्य. बाहेरचे आकाश त्याला क्वचितच दिसे. म्हणून विमानाच्या बाह्यरूपाचे चित्र कितीही बारकाईने काढले, तरी नॅव्हिगेटर त्यात दिसत नाही. सुखटणकर हे आडनाव मराठी वाचकाच्या कानाला परके नाही. तथापि त्या लँकास्टरचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या किती जणांस ते ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

तिसरे विमान लिबरेटर जातीचे. याची कथा पुण्याशी जोडलेली आहे. युद्ध संपल्यानंतर ब्रिटिश हवाई दलाने अमेरिकेकडून उसनवारीच्या करारान्वये मिळालेली बरीच लिबरेटर विमाने कानपूरच्या तळावर टाकून दिली. ती पुन्हा उपयोगात येऊ नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोडही करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली भारताला जड बाँबफेकी विमानांची निकड भासली, तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी हे भंगार तपासले, आणि एकेक विमान उडण्याइतपत दुरुस्त करून घेतले. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती विमाने कानपूरहून बंगलोरला उडवीत नेली. तेथे त्यांची पूर्ण डागडुजी झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने भारतीय हवाई दलात आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाची स्क्वॉड्रन या विमानांवर उभी राहिली. १९५१ साली ६ क्रमांकाची स्क्वॉड्रन पुण्यास नव्याने उभी करण्यात आली, आणि समुद्रावरील टेहळणीचे काम तिच्याकडे आले. १९६८ अखेर ही विमाने निवृत्त झाली.

हेंडनचे लिबरेटर ब्रिटिश नोंदीत के एन ७५१, तर भारतीय नोंदीत एच ई ८०७ असे आहे. १९४५ साली ते ९९ क्रमांकाच्या ब्रिटिश स्क्वॉड्रनकडे होते. त्याची ती युद्धसेवा काही महिन्यांची. भारतीय सेवा मात्र दीर्घ. आणि भारतीय हवाई दलाने १९७४ साली ते संग्रहालयास भेट दिले. कॅनडाच्या आणि अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या संग्रहालयांतील लिबरेटर विमानेही भारतीय हवाई दलातूनच गेली. अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाचे लिबरेटर तर १९८९ पासून पुन्हा आकाशात उडू लागले. परंतु त्यावर भारतीय खुणा राहिल्या नाहीत. निरनिराळ्या वेळी ‘ऑल अमेरिकन’, ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि ‘विचक्राफ्ट’ ही अमेरिकन युद्धकालीन विमानांची नावे व चित्रे त्याच्या नाकाडावर रंगविली गेली. ज्या मूळ विमानांची ती नावे होती ती केव्हाच नष्ट झाली होती. वीस वर्षे भारतात राबलेल्या धातूवर दुसऱ्याच विमानाचे नाव आले. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यास हा प्रकार ओळखीचा वाटेल : जुना मजकूर खरवडून त्याच चर्मपत्रावर नवा लिहावा, तसे हे झाले. लिबरेटर आज पाहावयास मिळते याचे एक मोठे कारण भारतीय कारागिरांनी भंगारातून ते उभे केले, हे आहे. तरीही ‘युद्धकालीन विमान’ या वर्गनामामुळे चित्रकार आणि संग्राहक या दोघांच्याही दृष्टीने विमानाचा इतिहास १९४५ साली संपतो. पुण्याच्या धावपट्टीवरील त्याची वर्षे आणि तेथे त्याची इंजिने उघडून बसलेले फिटर त्या वर्गात मावत नाहीत.

५

या विवेचनावरून अशा प्रतींचा संग्रह व्यर्थ आहे असे मात्र कोणी समजू नये. योग्य नोंद केल्यास ही उपयुक्त साधनसामग्री होय. विभागातील विद्यार्थ्यांच्या हाती अशी एखादी प्रत आली, तर तिची नोंद पुढील रकान्यांत करावी असे सुचवावेसे वाटते. पहिल्या रकान्यात चित्रकार, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष व मुद्रणपद्धती. दुसऱ्यात आवृत्तीची संख्या व प्रतीचा क्रमांक. तिसऱ्यात सही करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याचे विमानातील काम आणि मृत्यूचे वर्ष. चौथ्यात सहीची जागा : ती चित्राच्याच कागदावर आहे, की वेगळ्या पट्टीवर घेऊन नंतर जोडलेली आहे, शिसपेन्सिलीची आहे, शाईची आहे, की मुद्रित आहे. पाचव्यात प्रत हातोहात कशी आली याची माहिती. सहाव्यात चित्रातील विमानाचा अनुक्रमांक आणि त्याचा युद्धानंतरचा इतिहास. सातवा रकाना अनुपस्थितांचा असावा : त्या विमानात होते पण समासात नाहीत ते कोण, आणि त्या दिवशी जमिनीवर होते ते कोण. पहिले पाच रकाने विक्रेताही भरतो, कारण किंमत त्यांवरून ठरते. शेवटचे दोन भरणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम.

चौथ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. शेवटचे साक्षीदार निघून गेल्यावर सह्यांचा पुरवठा थांबतो, मागणी मात्र थांबत नाही. धरणांच्या मोहिमेतील ब्रिटिश वैमानिकांपैकी अखेरचे जॉर्ज जॉन्सन ७ डिसेंबर २०२२ रोजी निवर्तले. यापुढे त्या प्रसंगावरील कोणतीही नवी सही खरी असू शकत नाही, एवढे निश्चितपणे सांगता येते. दिनांकाची अशी सीमारेषा मिळणे हे ताम्रपटांच्या परीक्षकासही हेवा वाटावा असे भाग्य होय.

जतनाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. मुंबईच्या उपनगरांतील हवा कागदास प्रतिकूल आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमटपणामुळे कागदावर तपकिरी डाग उमटतात, बुरशी धरते, आणि चौकटीच्या मागे कसर लागते. चित्र काचेला चिकटू देऊ नये. मागे साधा पुठ्ठा न लावता आम्लरहित पुठ्ठा लावावा. बाहेरच्या भिंतीवर अथवा उन्हाच्या तिरिपेत टांगू नये. शिसपेन्सिलीची सही उन्हाने फिकी होत नाही, शाईची होते. म्हणून शाईची सही असलेल्या प्रतीचे छायाचित्र लवकरात लवकर घेऊन ठेवावे.

६

येथवर चर्चिलेल्या प्रती परदेशी छापलेल्या, महाग आणि संख्येने थोड्या. परंतु ज्या कारणासाठी त्यांचा विचार केला ते कारण आपल्या घरांत आहे. ज्या काळी ब्रिटन व अमेरिका येथील प्रकाशक आपल्या वृद्ध वैमानिकांपुढे कागद ठेवून सह्या घेत होते, त्याच काळी पुण्याच्या लिबरेटर पथकांतील माणसे निवृत्त होऊन आपापल्या गावी व उपनगरांत स्थायिक होत होती. वैमानिकांची नावे पदकांच्या आणि बढत्यांच्या याद्यांत तरी सापडतात. फिटर, आर्मरर, वायरलेस ऑपरेटर यांची नावे सेवापुस्तकांत आणि घरच्या कागदांत राहतात. चित्रप्रतीच्या बाजाराने त्यांना कधी विचारले नाही, कारण बाजाराला प्रसिद्ध प्रसंग लागतो. समुद्रावर दहा-दहा तास टेहळणी करून काही न दिसता परतणे हा काही चित्राचा विषय होत नाही. तरीही इतिहासाच्या दृष्टीने स्वतंत्र भारताच्या हवाई दलाची घडण अशाच दिवसांतून झाली.

यातील काही कागद अजून हाती लागण्याजोगे आहेत, पण फार काळ राहणार नाहीत. बोरीवलीत आणि इतर उपनगरांत जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. घर रिकामे करावयाची मुदत येते, तेव्हा माळ्यावरच्या पेट्या प्रथम उतरविल्या जातात. दागिने, भांडी, घराचे करारपत्र सांभाळले जाते. आजोबांचे लॉगबुक, तळावरील गटाचे छायाचित्र, मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे, बदलीचे हुकूम हे वजनावर रद्दीत जाते. ज्या कागदावर कोणीही क्रमांक घातलेला नाही, ज्याची एकच प्रत आहे, तो खरोखरीचा मर्यादित आवृत्तीचा कागद होय. आणि त्याला बाजारात किंमत नाही.

म्हणून विभागातर्फे एक लहानसे काम हाती घेता येईल असे वाटते. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीत सैन्यात अथवा हवाई दलात नोकरी केलेल्या माणसाचे एक घर शोधावे. तेथील कागद मागून आणण्याची गरज नाही. घरच्यांच्या अनुमतीने, त्यांच्याच देखत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि गटाच्या छायाचित्रात कोण कोठे उभे आहे हे सांगू शकणारे माणूस हयात असेल तर त्याच्याकडून नावे लिहून घ्यावीत. नावांबरोबर त्या माणसाचे काम, तळ आणि वर्ष यांचीही नोंद करावी. ज्या चेहऱ्याचे नाव सांगता येत नाही त्याची जागाही यादीत मोकळी ठेवावी आणि तिला क्रमांक द्यावा, म्हणजे पुढे दुसऱ्या घरी त्याच गटाचे छायाचित्र आढळल्यास ती भरून काढता येईल.